कोंडीरामच्या दुकानातली डागाळलेली पानं

तिसगावच्या पेठेत एस.टी. थांबायची तिथून थोडं पुढं गेलं की कोंडीराम बिडवे याचं केस कापायचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे एक खोली, एक लाकडी खुर्ची, कडांचा पारा उडालेला आरसा आणि टेकायला एक बाकडं. बाजाराच्या दिवशी बाकडं पुरायचं नाही, मग लोक उंबऱ्यावर बसायचे. खुर्ची मात्र एकच, आणि जो येईल तो तिच्यावर बसायचा. दुकान नवं होतं तेव्हा गावातल्या काहीजणांनी कोंडीरामला बाजूला घेतलं होतं आणि खुर्चीवर कुणाला बसवावं, कुणाला बसवू नये, हे समजावून पाहिलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वस्तरा मी दर येळंला धुतो, खुर्चीबी पुसतो. तरी तुमाला चालत नसंल तर घरी करा." ती मंडळी काही दिवस घरी गाल खरडत राहिली आणि मग एकेक करून परत आली.

असा तो माणूस. आवाज कधी चढवायचा नाही, पण एकदा ठरवलं की हलायचा नाही.

दुकानाच्या भिंतीला लागून पेठेतल्या कारभारीअण्णांनी भाड्यानं दिलेली एक खोली होती. तिथं पुष्पावतीबाई राहायच्या. मुलींच्या प्राथमिक शाळेत त्या शिकवायच्या. मूळच्या संगमनेरच्या, लग्न केलेलं नव्हतं. आई गेल्यावर घर भावाकडे सोपवून त्या बदलीनं इकडं आल्या. येताना ट्रंकेबरोबर त्यांनी झाडं आणली, त्याचं गावाला फार नवल वाटलं. मनीप्लांट, क्रोटन, रबराचं झाड, आणि लाल देठांचा, गुलाबी फुलांचा एक बिगोनिया. डालड्याच्या डब्यात, तेलाच्या डब्यात लावलेली ही झाडं त्यांच्या ओट्यावर आणि खिडकीत असायची. आमच्या भागात झाड म्हणजे एक तर त्याला फळ लागावं, नाहीतर त्याची सावली पडावी, नाहीतर त्याचं सरपण व्हावं. ह्यातलं काहीच न करणारी झाडं एक बाई रोज फडक्यानं पुसते, हे बघायला सुरुवातीला बायका मुद्दाम त्या बोळातून जायच्या.

कोंडीरामला ती झाडं आवडायची. गिऱ्हाईक नसलं की तो ओट्याशी जाऊन उभा राहायचा. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवावा तसं एखादं पान बोटांत धरून बघायचा. बाई विचारायच्या, "काय बघता एवढं, कोंडीराम?" तो म्हणायचा, "काही न्हाई बाई. गुळगुळीत हाय." एवढंच बोलणं.

बहात्तर सालच्या दिवाळीनंतर बाईंना खोकला धरला. त्या आधी पावसानं दगा दिला होता. जोंधळा वीतभर वाढून वाळला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या आणि गावातली निम्मी माणसं तलावाच्या दुष्काळी कामावर जात होती. सगळीकडे धूळ, त्यामुळे खोकल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पण बाई वाळत चालल्या. नगरला जाऊन दाखवलं तेव्हा छातीचा क्षय निघाला. दवाखान्यात राहावं लागणार होतं. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

जायच्या दिवशी संगमनेरहून भाऊ न्यायला आला होता. तो एस.टी. बघायला गेला तेवढ्यात बाई दुकानाच्या उंबऱ्याशी आल्या. आत आल्या नाहीत.

"कोंडीराम," त्या म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी चालेल."

"झाडांचं ना?" कोंडीराम म्हणाला. "ठिवा. बघतो मी."

"पाणी नाही गावात. मला कळतंय ते. जगली तर जगली."

"बघतो म्हनलं ना बाई. तुमी औषध वेळच्या वेळी घ्या."

संध्याकाळी त्यानं डबे एकेक करून दुकानात आणले. मनीप्लांटचा वेल आरशाच्या खिळ्यावरून फिरवला, बाकीचे डबे खिडकीखाली मांडले. त्याची बायको चांगुणा तलावाच्या कामावरून आली तेव्हा तिनं दारातूनच बघितलं.

"आवं, आपल्याला प्यायला हंडा मिळंना, आन ह्यास्नी काय घालनार?"

"हंड्यातलं न्हाई घालनार. दाढीचं पानी रोज फेकूनच देतो की. त्ये घालीन."

ह्यात कुणाचं काही जात नव्हतं. दाढी भिजवायचं आणि ब्रश बुडवायचं एकाच वाटीतलं पाणी, वस्तरा धुवायचं पाणी, शेवटी तुरटी फिरवून तोंड धुवायचं पाणी, सगळं एका घमेल्यात जमा व्हायचं आणि दिवस मावळता रस्त्यावर ओतलं जायचं. आता ते झाडांना जाऊ लागलं. आरशात झाड दिसू लागल्यापासून दुकानाला बरी कळा आली, असं गिऱ्हाइकंही म्हणू लागली. बाहेर बघावं तिकडं मातकट रान आणि आत हिरवा वेल. कामावरून आलेली माणसं दाढी झाल्यावरही थोडा वेळ बसून राहायची.

थंडी सरता सरता पानं बिघडली. आधी क्रोटनच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जळाल्यासारख्या. मग रबराच्या झाडाच्या पानांवर तसेच चट्टे आले. मनीप्लांटची खालची पानं पिवळी पडून त्यांची टोकं करपली. कोंडीरामला वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यानं घमेल्यातलं पाणी वाढवलं, आणि पानांनाही गारवा मिळावा म्हणून रोज संध्याकाळी ओंजळीनं शिंपडू लागला. झालं उलटंच. आता पानांच्या मधोमध गोल डाग दिसू लागले. मधे तपकिरी, भोवती पिवळं कडं. बिगोनियाची पानं तर ओली होऊन गळू लागली.

बाकड्यावरच्या प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी म्हणालं राख टाक, कुणी म्हणालं तंबाखूचं पाणी मार, कुणी ताक सुचवलं, आणि ताक कुठून आणायचं यावर सगळे हसले. पण एका सकाळी कारभारीअण्णा खुर्चीवर बसले, समोर आरशातल्या वेलाकडे बघितलं आणि गळ्याभोवतीचं फडकं त्यांनी स्वतःच सोडलं.

"कोंडीराम, हे डाग कवापास्नं हायेत?"

"झाले काही दिवस."

"बाईचा रोग हाय ह्यो. तिच्या खोकल्यातनं झाडावर उतरलाय. आन तू आमाला त्याच्या खाली बसवतोस."

कारभारीअण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांचा थोरला भाऊ क्षयानं गेला होता. त्याचं अंथरूण, भांडी, सगळं जाळलेलं त्यांनी पोरवयात पाहिलं होतं. घरात आता दोन लहान नातवंडं होती. त्यांना भीती वाटली आणि भीती वाटलेला माणूस जसा बोलतो तसे ते बोलले. पण पेठेत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते दाढी न करता उठून गेले, ही गोष्ट दुपारपर्यंत सगळीकडे झाली. दुसऱ्या दिवशी बाकडं रिकामं होतं.

संध्याकाळी अण्णा परत आले. दुकानाबाहेरच उभे राहून म्हणाले, "मी खोलीबी धुवून काढनार हाय. बाई बऱ्या होऊन आल्या तर आनंद हाय, पण खोली म्या त्यास्नी देनार न्हाई. तू ती झाडं माळावर नेऊन जाळ. तुझ्या धंद्यासाठी सांगतोय."

"आन्ना, झाडाला मानसाचा रोग हुतो व्हय?"

"मग डाग कशाचे?"

कोंडीराम खोटं बोलत नसे, आणि डाग कशाचे हे त्याला माहीत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "मला थोडी सवड द्या. कशाचे हायेत ते बघतो. तुमी म्हनता तसं निघालं तर मीच जाळीन."

पुढचे दिवस कठीण गेले. गिऱ्हाईक जवळजवळ बंदच. बलुत्याचं धान्य तर त्या साली कुणाकडूनच येणार नव्हतं, आता चहापाण्याचीही पंचाईत. चांगुणाच्या कामावरच्या मजुरीवर आणि रेशनच्या लाल मिलोवर, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीवर, घर चालू होतं. ती एकदाच बोलली, "जाळायचा इचार न्हाई ना तुमचा?" तो म्हणाला, "आज झाडं जाळली, म्हंजे बाईचा रोग झाडावर आला हे आपनच कबूल केलं. मग बाईला ह्या गावात कोन राहू दील?" चांगुणानं त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याच सुमाराला भीमातात्या गावात आले. नदीकाठच्या एका गावात त्यांचा पानमळा होता. खाऊच्या पानांचे वेल वाढवण्यात सगळा जन्म गेलेला. विहीर आटली, मळा उभा वाळला, आणि तात्या वयाच्या साठीला तलावाच्या कामावर दगड वाहायला आले. चांगुणा ज्या टोळीत होती त्याच टोळीत. तिनंच त्यांना सांगितलं, आमच्या मालकाकडं असा असा वेल हाय, जरा बघा.

तात्या आले, बाकड्यावर बसले आणि बराच वेळ नुसते वेलाकडे बघत राहिले. मनीप्लांटचं पान खाऊच्या पानासारखंच दिसतं. त्यांनी हात वर करून एक पान धरलं, अंगठ्यानं हळूच चोळलं.

"लई दिवसांनी ओलं पान हाताला लागलं," ते म्हणाले.

कोंडीरामनं त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं. कारभारीअण्णांचंही.

तात्यांनी एकेक डबा उजेडात मागून घेतला. "हे बघ पाव्हन्या, ह्ये एक दुखनं न्हाई. दोन हायेत. ही कड बघ. करपल्यागत, कोरडी, बोटानं चुरा होतो. आन ह्यो गोल डाग. मऊ हाय, भवती पिवळं हाय. ह्यो माझ्या मळ्यात पावसाळ्यात यायचा. पान रात्रभर ओलं राहिलं की येतो. तू पानावर पानी मारतोस का?"

"रोज संध्याकाळी."

"बंद कर. पानी बुडाला. पानाला फकस्त ओलं फडकं, त्येबी सकाळच्या पारी, म्हंजे उनानं वाळतं. गोल डागाची पानं तोड, डब्यात पडू देऊ नको, चुलीत घाल. आन डबे लांब लांब ठिव. वारा लागू दे."

"आन कडा कशानं करपल्या?"

तात्यांनी एक करपलेली कड चुरून पाहिली. "त्ये मला सांगता येत न्हाई. माझ्याकडं एका साली खारं पानी लागलं, तवा असं झालं हुतं. पर तुज्या गावचं पानी तर खारं न्हाई."

इतक्यात एक मजूर दाढीला आला. बाहेरगावचा, त्याला अण्णांचं बोलणं ठाऊक नव्हतं. कोंडीरामनं ब्रश फिरवला, फेस काढला, वस्तरा चालवला, वस्तऱ्यावरचा साबण पाण्यात झटकला, तुरटी फिरवली, आणि ते सगळं घमेल्यात ओतता ओतता त्याचा हात थांबला. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं, खारट-तुरट लागलं, आणि तो थुंकला.

"तात्या," तो म्हणाला, "जरा चाखून बघता का?"

तात्यांनी चाखलं नाही. वास घेतला आणि पहिल्यांदाच हसले.

पण कोंडीरामला स्वतःला पटून भागणार नव्हतं. अण्णांना पटायला हवं होतं. त्याच्या घराच्या दारात चांगुणानं लावलेल्या सदाफुलीची दोन झुडपं होती. भांडी विसळलेल्या पाण्यावर, सांडून उरलेल्या थेंबांवर ती जगली होती, आणि बाईंच्या झाडांपासून ती गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यानं त्यातल्या एका झुडपाला रोज घमेल्यातलं पाणी घालायचं ठरवलं.

चांगुणा भडकली. "सगळ्या दारात तेवढंच एक फूल हाय, त्येबी मारायचंय तुमाला?"

"एकच मारतो. एक तुला ठिवतो."

"आन न्हाई मेलं तर?"

"न्हाई मेलं तर आन्ना म्हनतात ते खरं."

चांगुणानं दोन्ही झुडपांवरची फुलं मोजली. मग म्हणाली, "ह्ये डावीकडचं घ्या. त्याला फुलं कमी येत्यात."

तिकडं सदाफुलीला साबणाचं पाणी चालू झालं आणि इकडं बाईंच्या झाडांचं बंद झालं. पण मग त्यांना घालायचं काय? इथं कोंडीरामनं जे केलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं, कारण ते फार साधं होतं आणि कुणालाही सुचलं नव्हतं. दाढी करण्याआधी गाल भिजवायला जे पाणी लागतं, त्याला साबण लागलेला नसतो. त्यानं ती वाटी वेगळी ठेवली. हात आधी त्या वाटीत, ब्रश दुसऱ्या वाटीत, दोन्हींची कधी गाठ पडू द्यायची नाही. सवय मोडायला त्याला त्रास झाला. वर्षानुवर्षांचा हात आपोआप ब्रश त्याच वाटीत बुडवायला जायचा आणि मग तो स्वतःशीच च् करून थांबायचा. गिऱ्हाईक थोडं होतं, म्हणून पाणीही थोडं जमायचं. पण झाडांना पुरण्याइतकं जमायचं. साबणाचं पाणी रस्त्यावर, धूळ बसावी म्हणून.

तात्यांनी आणखी एक सांगितलं होतं. डब्यातली माती साबण पिऊन बसली आहे, ती वरवर काढ. तलावाच्या कामावर गाळ निघत होताच. चांगुणानं मुकादमाला विचारून एक पाटीभर गाळ आणला, त्यात वाळू मिसळून कोंडीरामनं डब्यांतली निम्मी माती बदलली. डब्यांना खाली खिळ्यानं भोकं पाडली, कारण जुनी भोकं गंजून बुजली होती. रबराचं झाड दुपारच्या उन्हातून आत ओढलं. एवढं सगळं तो करायचा ते दुकानात बसून, उघड्यावर, येणाजाणाऱ्यांच्या देखत.

बिगोनिया मात्र गेला. त्याचा देठ बुडातूनच मऊ झाला होता. कोंडीरामच्या जास्तीच्या मायेनं तो गेला, हे त्याला कळत होतं. त्याच आठवड्यात तो एस.टी.त बसला आणि नगरला गेला.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाई खाटेवर बसल्या होत्या. तोंडाशी पदर धरून त्यांनी त्याला जरा दूर, वाऱ्याच्या बाजूला बसायला सांगितलं. गावची चौकशी झाली, पाण्याची झाली. मग कोंडीराम म्हणाला, "बाई, लाल देठाचं झाड गेलं. माझ्या हातनं गेलं. म्या पानावर पानी मारत हुतो, त्यानं कुजलं."

बाईंनी व्हरांड्याच्या गजांतून बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "ते आईचं होतं."

"व्हय?" कोंडीराम म्हणाला. त्याला हे माहीत नव्हतं.

"हे सांगायला एवढ्या लांब आलात? मी आल्यावर कळलंच असतं की."

"तुमी आल्यावर दारात उभ्या ऱ्हाऊन बघावं, आन मग म्या सांगावं, ते बरं न्हाई वाटलं."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा तोंडाशी धरला. मग त्यांनी बाकीच्या झाडांबद्दल विचारलं. कोंडीरामनं दोन वाट्यांचं सांगितलं तेव्हा त्यांना हसू आलं, आणि हसण्यातून खोकला. अण्णांचं मात्र तो एक अक्षर बोलला नाही.

निघताना तो डॉक्टरांच्या खोलीशी थांबला. तरुण डॉक्टर होते, घाईत होते, पण त्यांनी ऐकून घेतलं. झाडाला क्षय होत नाही, ते म्हणाले. रोग पसरतो तो माणसाच्या खोकल्यातून, आणि औषध नीट चालू राहिलं की तोही थांबतो. बाईंना सोडू तेव्हा त्यांच्यापासून कुणालाही धोका नसेल, हवं तर गावातल्या माणसांना माझ्याकडे पाठवा. कोंडीरामनं ते वाक्य जसंच्या तसं मनात घोळवत गाव गाठलं.

गावात आल्यावर त्यानं घाई केली नाही. सदाफुलीची वाट बघितली. उन्हाळा चढत गेला तशी डावीकडच्या झुडपाची पानं कडेनं तपकिरी झाली, करपली, बोटानं चुरा होऊ लागली. उजवीकडचं रोडावलं होतं, पण हिरवं होतं. मग एका सकाळी तो अण्णांच्या घरी गेला आणि म्हणाला, "आन्ना, जरा माझ्या घराकडं चला."

अण्णा आले. चांगुणा दारात उभी होती. कोंडीरामनं आधी ती दोन झुडपं दाखवली, मग एकाला काय घातलं आणि दुसऱ्याला काय घातलं, ते सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. आवाजात कुठं जिंकल्याचा भाव नव्हता. एखाद्याला आरसा धरून मागचे केस दाखवावेत, तसं तो दाखवत होता.

अण्णांनी वाकून पान तोडलं. चुरलं. "ही चांगुणानं लावलेली?"

"व्हय आन्ना," चांगुणा म्हणाली. "बाई कदी ह्या दाराला आल्याबी न्हाईत."

"आन बाईच्या झाडांचं काय?"

"चला की बघायला."

दुकानात मनीप्लांटला नवी पानं फुटली होती. क्रोटनच्या शेंड्याला तांबूस, कोवळी पानं, एकावरही डाग नाही. जुन्या पानांवरचे करपलेले डाग तसेच होते. ते जाणार नव्हते, आणि कोंडीरामनं ते लपवलेही नव्हते. "झालेला डाग जात न्हाई आन्ना," तो म्हणाला. "नवं पान कसं येतंय त्ये बघायचं."

अण्णा उभेच होते. मग सावकाश म्हणाले, "भावाच्या येळंला असा कुनी डाक्टर सांगनारा असता तर." ते खुर्चीवर बसले, मान मागं टेकली. कोंडीरामनं फडकं बांधलं आणि डाव्या हाताच्या, बिनसाबणाच्या वाटीत बोटं बुडवली. दुसऱ्या दिवसापासून बाकड्यावर माणसं दिसू लागली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. श्रावणाच्या सुमाराला बाई आल्या. अंगानं भरल्या होत्या, केसांत पांढरे आले होते. खोली अण्णांनीच उघडून दिली. त्यांनी ती खरंच धुवून काढली होती, भिंतींना चुना दिला होता, आणि हे भाडेकरूसाठी केलंय की भीतीपोटी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कोंडीरामनं डबे ओट्यावर नेऊन मांडले. बाईंनी एकेका झाडाशी थांबून बघितलं. क्रोटनची जुनी डागाळलेली पानं त्यांनी तोडली नाहीत. "राहू देत," म्हणाल्या.

बघायला दारात बायका जमल्या होत्या. कुणी आत येत नव्हतं, कुणी जातही नव्हतं. बाईंनी ट्रंक उघडली, चुन्याचा वास नाकात गेला आणि त्यांना खोकला आला. साधाच. पण दारातल्या दोघीतिघी नकळत मागं सरल्या. बाईंचा हात तोंडाकडे गेला.

चांगुणा चहा घेऊन आली होती. ती सगळ्यांच्या मधून आत गेली, आपल्या घरातली कपबशी बाईंच्या हातात दिली आणि शेजारी भुईवर बसली. बाईंनी चहा संपवला. चांगुणानं कप घेतला, तिथल्या घागरीच्या पाण्यानं विसळला, किटलीतला उरलेला चहा त्याच कपात ओतला आणि दारातल्या बायकांशी पावसापाण्याचं बोलत बोलत पिऊन टाकला. कोंडीराम उंबऱ्याशी उभा होता. नंतर कुणी विचारलं तेव्हा तो म्हणाला की तिला त्यानं असं करायला सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःला ते सुचलंही नसतं.

बाई पुढं बरीच वर्षं तिसगावात शिकवत राहिल्या. भीमातात्या गावी परतले, पुन्हा वेल लावले, आणि पहिली पानं खुडली तेव्हा एक जुडी ओल्या फडक्यात बांधून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर कोंडीरामकडे पाठवली. कोंडीरामला पान खायची सवय नव्हती. त्यानं ती बाकड्यावरच्या सगळ्यांना वाटली, अण्णांना दोन जास्त दिली.

त्यानंतर लोक त्याच्याकडे डागाळलेली पानं घेऊन येऊ लागले. कुणाचा गुलाब, कुणाची जास्वंद, कुणाचं लिंबाचं रोप. तो हातातलं काम आटपायचा, हात पुसायचा, पान खिडकीच्या उजेडात धरायचा. उपाय लगेच कधी सांगायचा नाही. आधी विचारायचा, पाणी कसलं घालता, कधी घालता, ऊन कुठल्या अंगानं येतं. कळलं तर सांगायचा. नाही कळलं तर म्हणायचा, "मला न्हाई उमगत. पर जाळू नका. थोडं थांबा, नवं पान कसं येतंय बघू."